पुराच्या देवाची जागा

मुलांनो, एका ओळीत बांधलेल्या नऊ पत्र्याच्या खोल्या डोळ्यांसमोर आणा. आठांना कुलूप. नवव्या खोलीच्या दारात एक मुलगी सागरगोटे खेळते आहे. उडवायचे तिनेच, झेलायचे तिनेच, आणि चुकले तर चिडवायला कुणी नाही. दिसली? ती वर्षाली.

मागच्या पावसाळ्यात इंद्रायणीचं पाणी या खोल्यांत शिरलं. शेजारची सगळी बिऱ्हाडं निघून गेली. वर्षालीची मैत्रीण कस्तुराही निगडीला गेली. वर्षालीची आई मात्र थांबली. चाकणच्या कंपनीची बस इथून जवळ मिळायची, आणि इतक्या कमी भाड्यात दुसरी खोली कुठे मिळणार? घरमालकाने पाण्याचे डाग झाकायला भिंतींना चुना मारून घेतला, तेव्हा आईने वर्षालीला बजावलं, "कुणी इचारलं तर सांगायचं, हितं पाणी आलंच न्हवतं. न्हाईतर आपली बी खोली बंद करतील. मग कुठं जायचं लेकरा?"

खोल्या आणि नदी यांच्यामध्ये एक प्रचंड खड्डा होता. वर्षानुवर्षं तिथून वाळू आणि गोटे काढून नेले होते. आता तो बुजवून तिथे बाग करायचं ठरलं होतं. पण खणताना नदीचा उंच काठही कापला गेला होता, म्हणून आधी बांध घालायला हवा होता. तो किती उंच हवा? पूर जिथवर चढतो त्याहून हातभर जास्त. बुटका राहिला तर भरलेली माती वाहून जाईल आणि पाणी खोल्यांत येईल.

ते माप घ्यायला एका दुपारी मृदुलाताई नावाच्या इंजिनियर आल्या. आकडे लिहिलेली लांब पट्टी त्यांच्या हातात होती. त्यांनी पहारेकरी भीमराजला विचारलं, "मागच्या वर्षी पाणी कुठवर आलं होतं?"

भीमराज दोनच महिन्यांपूर्वी कामाला लागला होता. तरी तो ऐटीत म्हणाला, "तो बघा ना मॅडम, पुराचा देव! गावची रीतच आहे. पूर ओसरला की पाणी चढलं तिथं धोंडा मांडायचा, शेंदूर लावायचा. देव खोटं बोलत नाही."

खड्ड्याच्या कडेला शेंदूर लावलेला धोंडा होता. ताईंनी तिथे पट्टी उभी केली.

वर्षाली दारातून धावत आली. "ताई, देव इथं नव्हता! डंपर वळत नव्हता ना, म्हणून ड्रायव्हरकाकांनी चपला काढल्या, पाया पडले आणि देव उचलून इथं ठेवला. फूलपण वाहिलं."

"आणि ते बरं तुलाच दिसलं?" भीमराज हसला. "मॅडम, ही पोरगी दिवसभर एकटीच असते. परवा भिंतीशी बोलत होती."

वर्षालीचे कान लाल झाले. ते खरं होतं. दुपारी आई कामावर असते, शेजारी कुणी उरलं नव्हतं आणि भीमराज तेव्हा आलाही नव्हता, म्हणून तर देव उचलताना तिच्याशिवाय कुणी पाहिलं नव्हतं. ज्यांनी तो मांडला, ते चिमाजीआबाही आता रावेतला लेकीकडे राहायला गेले होते.

ताई हसल्या नाहीत. "आधी कुठे होता? दाखव मला."

वर्षालीने हात उचलला आणि तसाच थांबवला. देव होता खोल्यांच्या मागच्या चढावर. तिथवर पाणी चढलं म्हणजे ते खोल्यांतून गेलं होतं. जागा दाखवली तर आईने सांगितलेलं मोडणार.

"बघा, आठवेना तिला," भीमराज म्हणाला.

 ताईंनी वहीत आकडा लिहायला पेन उघडलं.

"ताई, थांबा," वर्षाली म्हणाली.

तिने दोन्ही हातांनी पट्टी उचलली. तिच्या दुप्पट उंच होती ती. धडपडत, खोल्यांना वळसा घालून ती मागच्या चढावर गेली. गवतात धोंड्याएवढी गवत नसलेली जागा होती. तिथे तिने पट्टी टेकवली. "इथं. आमच्या खोलीत माझ्या छातीपर्यंत होतं."

ताईंनी वहीत तिथला आकडा लिहिला. त्या काही विचारणार होत्या, पण वर्षाली तोवर उतारावरून खाली पळत होती. आईची बस यायला अजून दोन तास होते. ती रस्त्यावर गेली आणि थांब्याच्या कट्ट्यावर बसली. आईला हे दुसऱ्या कुणी सांगायच्या आत तिला स्वतः सांगायचं होतं.