निंबाळवाडीनं पाहिलेलं अवकाश

लातूर जिल्हा होऊन दोन वर्षं होत आली होती आणि निंबाळवाडीला त्याचा फायदाच झाला होता. पूर्वी गावाचा अर्ज एकाच जिल्ह्यात हरवायचा, आता तो दोन जिल्ह्यांत हरवू शकत होता.

शाळेजवळच्या हातपंपाचा अर्ज असाच गेला. दुष्काळात पाणी खोल गेलं होतं. आणखी तीन पाइप जोडले की लागेल, असं मेकॅनिक सांगून गेला होता. जुना जिल्हा म्हणे, तुमचं गाव आता आमच्याकडं नाही. नवा म्हणे, तुमची फाइल अजून आमच्याकडं नाही. तोवर बाया कोसभर लांबच्या ओढ्यात झिरे उकरून वाटीनं घागरी भरत होत्या.

चौऱ्याऐंशीच्या एप्रिलात एका दुपारी सरकारी जीप आली. सरपंच वीरण्णा किराणा दुकानाचा गल्ला तसाच सोडून पळाले. पाइप आले असतील, असं त्यांना वाटलं. जीपमधून टीव्ही उतरला.

सोबत आलेले साहेब प्रसिद्धीचं काम बघणारे होते. ते म्हणाले, "आज संध्याकाळी आपला माणूस रशियाच्या यानात बसून अवकाशात चाललाय. दुष्काळी भागातली जनता या आनंदाला मुकू नये, असं वरून आलंय. दोनशे माणूस तरी जमवा. फोटो पाठवायचाय."

"आन् पाइप?" वीरण्णांनी विचारलं.

"तो विभाग वेगळा."

सहाच्या सुमाराला शाळेचं पटांगण भरलं. कोतवाल लिंबाजी अँटेना धरून कौलांवर बसला. टीव्ही लावला, तर पडद्यावर नुसत्या मुंग्या. लिंबाजीनं अँटेना चारी दिशांना फिरवली. मुंग्या जराशा दाट झाल्या, एवढंच.

साहेबांचा चेहरा उतरला. तेव्हा वीरण्णांनी दुकानातला ट्रान्झिस्टर आणवला, टीव्हीच्या मागं ठेवला आणि वरून टेबलाचं कापड ओढलं. थोड्या वेळानं आतून निवेदकाचा भरदार आवाज आला: यान झेपावलं होतं. समोर काळ्या पडद्यावर पांढरे ठिपके नाचत होते.

"चांदण्या," कुणीतरी हळूच म्हणालं.

मग सगळ्यांनाच चांदण्या दिसल्या. टाळ्या पडल्या. साहेबांनी फोटो काढला. एका म्हाताऱ्याला तर आपला माणूस हात हलवताना दिसला, त्यानं तो शेजारच्यालाही दाखवला.

शाळेच्या शिक्षिका पंचशीलाबाई मुलांच्या मागं उभ्या होत्या. आठवडाभर त्यांनी फळ्यावर यान काढून मुलांना समजावलं होतं. त्यांच्या शेजारी सरजाबाई बसली होती, रोज चार खेपा ओढ्याला जाणारी. तिनं डोळे बारीक करून विचारलं, "बाई, ह्याच्यात आपला माणूस कोणता हाय?"

साहेबांनी लांबूनच 'सांगू नका' अशी मान हलवली. बाईंनी ती पाहिली, पण समोर त्यांचीच मुलं बसली होती.

"मावशी, चित्र आलंच न्हाई. ह्या मुंग्या हायत. आवाज रेडिओचा हाय. पण माणूस खरंच गेलाय."

साहेबांवर कुणी रागावलं नाही, वीरण्णांवरही नाही. लोक रागावले ते बाईंवर. हात हलवताना माणूस दिसलेला म्हातारा तर म्हणाला, "हिला दिसलं न्हाई म्हणून काय कुनालाच दिसलं न्हाई?"

सरजाबाई मात्र म्हणाली, "मंग तो रेडिओ पुढं घ्या की. कापडातून नीट ऐकू येईना."

वातावरण सावरायला साहेब भाषणाला उठले. पुढं माणूस चंद्रावर घरं बांधील, म्हणाले. तिथं पाणी कुठलं, असं सरजाबाईनं विचारलं. साहेब म्हणाले, थोडंच पाणी न्यायचं आणि तेच पुन्हा पुन्हा वापरायचं, त्याचं मोठं शास्त्र आहे.

"ते तर आमी आत्ताच करतोय की," सरजाबाई म्हणाली. "पोराला आंघोळ घालायची, त्या पाण्यात धडुतं धुवायचं, मंग तेच म्हशीला."

साहेबांनी भाषण आवरतं घेतलं.

दुसऱ्या दिवशी गाव बोलत नव्हतं म्हणून पंचशीलाबाईंना वेळ होता. त्यांनी साहेबांच्या कचेरीला पत्र लिहिलं: निंबाळवाडीला दिलेल्या टीव्हीवर चित्र दिसलं नाही. हातपंपाचा अर्ज दोन वर्षं फिरत होता. हे पत्र मात्र पंधरा दिवसांत पोचलं, वाचलं गेलं आणि मंजूरही झालं. राष्ट्राच्या गौरवाचा प्रश्न होता. अँटेना उंच करण्यासाठी गावाला लोखंडी पाइप आले. चार.

पाइप शाळेच्या भिंतीला टेकवलेले होते. वीरण्णा आणि बाई बराच वेळ त्यांच्याकडं बघत राहिले.

"बाई, नोकरी तुमची हाय," वीरण्णा म्हणाले.

"मेकॅनिकला बोलवा, आप्पा," बाई म्हणाल्या.

तीन पाइप लागले. पहिल्यांदा गढूळ पाणी आलं, मग नितळ. गावानं बाईंशी बोलायला सुरुवात केली. हात हलवताना माणूस दिसलेला म्हातारा सगळ्यात आधी बोलला, कारण त्याची घागर पहिली होती.

जूनमध्ये साहेब उंच अँटेनाचा फोटो काढायला आले. अँटेना कौलांवर होती तिथंच होती. त्यांनी पंपावरची रांग पाहिली, भिंतीला टेकलेला एकच पाइप पाहिला आणि सगळं त्यांच्या लक्षात आलं. खरं लिहावं, तर हातपंपाची फाइल लागली असती आणि ती कुणाकडंच नव्हती. ते दोन तांबे पाणी प्याले आणि त्यांनी वहीत लिहिलं: पाइप बसवले. परिणाम समाधानकारक.

ही बातमी शेजारच्या गावात पोचायला एक दिवस लागला. तिथल्या सरपंचांनी लगेच अर्ज टाकला: आमच्याकडं टीव्हीवर चित्र दिसत नाही, सहा पाइप मिळावेत. त्या गावात टीव्ही नव्हता. पाइप मात्र महिन्याभरात आले.