ढिगातला डाळिंबी कोट

“उठाव भई उठाव, कोई भी उठाव, सब का एकही भाव.”

मित्रांनो, हा आवाज माझ्या अस्तरात अजून बसलेला आहे. मी एक जुना कोट आहे. डाळिंबी रंगाचा, लोकरीचा, रुंद कॉलरचा. औंढा नागनाथच्या आठवडी बाजारात, देवळाकडे जाणाऱ्या रस्त्याच्या कडेला ताडपत्री अंथरून एक ढिगवाला ही हाळी देत होता, आणि त्या ढिगात मी एका फाटक्या स्वेटरखाली दबून पडलो होतो. हिंगोलीचा वेगळा जिल्हा व्हायला तेव्हा अजून काही वर्षं होती.

माझा जन्म फार लांबच्या, फार थंड मुलखातला. तिथलं मला थोडंच आठवतं. एक बाई मला घालायची आणि खिशात हात घालून चालायची. एके दिवशी तिनं माझ्यावरची धूळ झटकली, मला घडी घातली आणि एका खोक्यात ठेवलं. का ठेवलं, ते आजवर कळलं नाही. मी काही फाटलो नव्हतो. मग एका यंत्रानं आम्हा शेकडो कपड्यांना दाबून आमचा एक गठ्ठा केला. त्या गठ्ठ्यात माझी बाही कुठली आणि शेजारच्या सदऱ्याची कुठली, हे मला कळेना. मित्रांनो, माझा गोंधळ तिथून जो सुरू झाला, तो बरीच वर्षं काही संपला नाही.

त्या बाजारात मला मसाजीनं उचललं. मसाजी मेंढपाळ. उंचापुरा, खांद्यानं रुंद, डोक्याला पटका, बोलणं मोजकं. औंढ्याच्या डोंगराला लागून असलेल्या वस्तीवर त्याची मेंढरं होती. त्यानं मला ढिगातून ओढलं, उलटंसुलटं केलं, अस्तराला गाल लावून पाहिला. ढिगवाल्यानं त्याच्या अंगाकडे बघितलं आणि एक काळा, लांबलचक कोट पुढं केला.

“ये लो मामा, ये तुम्हारे माप का है.”

“न्हाई. हाच पायजे.”

“अरे वो तंग होगा तुमको.”

“होऊ दे तंग. ह्याचं एक बटन न्हाई बघ. भाव कमी कर.”

“बटन नहीं तो क्या, मामा, गरमी उडके जाएगी क्या?” ढिगवाला हसला, आणि थोडं कमी करून त्यानं मला देऊन टाकलं.

मला काही उमगेना. अंगाला बसणारा कोट बाजूला सारून हा माणूस मला का घेतो आहे? पण त्यानं मला पटक्यात गुंडाळून काखेत धरलं, आणि मित्रांनो, त्याच्या काखेत मेंढरांचा वास होता. माझी लोकर शहारली. किती काळानं हा वास आला. सासुरवाशिणीला वाटेत माहेरचं कुणी भेटावं, तसं झालं मला.

वाटेनं मसाजी मधूनच मला चाचपायचा आणि स्वतःशी हसायचा. वस्ती जवळ आली तसं त्याचं हसू मिटलं. अंगणात त्याचा मोठा भाऊ संतराम बाजेवर बसला होता, भावजय आशाबाई लसूण सोलत होती, शेजारपाजारचे दोघंतिघं होते. आणि कडेला शेळीची धार काढत बसली होती सिंधूबाई, मसाजीची बायको. धारेसाठी दोन्ही हात गुंतलेले, पाठीवरचं घोंगडं घसरून खाली पडलेलं, आणि ती खोकत होती. कोरडा, उकरून काढणारा खोकला. धार थांबायची, खोकला ओसरायचा, पुन्हा धार सुरू व्हायची.

“काय आणलं भावजी काखंत?” आशाबाईनं विचारलं. “बायकूचे लाड करून राहिलाव का काय?”

सगळे हसले. सिंधूबाईनं मान खाली घातली. मसाजीचा हात माझ्यावर घट्ट झाला.

“मलाच आणला,” तो म्हणाला. “थंडीचा.”

आणि तिथल्या तिथं त्यानं मला अंगात घातलं. बाह्या मनगटाच्या कितीतरी अलीकडे थांबल्या. छातीवर बटणं भिडेनात. पाठीत माझी शिवण करकरली. मी ओरडू शकलो असतो तर म्हटलं असतं, अरे बाबा, मी तुझा नाही.

“तुझ्या घरी एवढी मेंढरं,” संतराम म्हणाला, “आन लोकर तू बिलायतीची घालतो व्हय? मेंढरं रुसतील ना बे.”

“असली कापडं मेलेल्या मानसाची असत्यात म्हनं,” आशाबाई म्हणाली.

मी आणखीच गोंधळात पडलो. माझी ती पहिली बाई मेली होती? मला तर तिचे हात गरम आठवतात.

असं मी मसाजीचा झालो. निदान लोक तसं म्हणत. मेंढरांमागं माळावर जाताना तो मला अंगात घाली, आणि घटकाभरानं काढून ठेवी. कुठं ठेवी, तर जिथं सिंधूबाई बसलेली असे, तिथं. तिच्या शेजारच्या दगडावर, कधी तिच्या भाकरीच्या फडक्यावर. मग लांब जाऊन कळपाकडे तोंड करून उभा राही. सिंधूबाई मला उचले, झटके, नीट घडी घाली आणि संध्याकाळी त्याच्या हाती देई.

“तुमचा कोट इसरले बघा.”

“व्हय,” एवढंच तो म्हणे, आणि मला इतक्या जोरात खांद्यावर टाकी की माझी बटणं वाजत.

चिडतो आहे तर कुणावर? माझ्यावर? मी काय केलं?

एका हिवाळ्यात एक मेंढी माळावरच व्याली. कोकरू ओलं, थरथरणारं. सिंधूबाईनं मला उचललं आणि कोकरावर पांघरलं. ते माझ्या अस्तरात शिरलं, आणि मला फार बरं वाटलं. मसाजी आला. बघतो तर कोट कोकराच्या अंगावर, आणि बायको उघड्यावर गुडघ्यात मान घालून खोकते आहे.

“त्याच्यावर काहून टाकला? स्वतःच्या अंगावर घ्यावा ना.”

“मी?” सिंधूबाई म्हणाली. “गड्याचं कापड बाईनं अंगावर घ्यावं का? नवऱ्याचं तर न्हाईच न्हाई. घरात तकलीफ येती. माझ्या मायनं सांगितलंय.”

मसाजीनं तोंड उघडलं. मला वाटलं, आता हा काहीतरी बोलणार. मग त्यानं काठी उचलली आणि निष्कारण एका गरीब मेंढीला हाकललं.

सिंधूबाई जात्यावर भरडायला बसली की गुणगुणायची. मी खुंटीवरून ऐकायचो.

*धनी माझा मुका बाई, माळावरचा जसा आड*
*दोर सोडिते सोडिते, पाणी आणखी पल्याड*

खोकल्यानं ओवी मध्येच तुटायची. मग ती पुन्हा पहिल्यापासून धरायची.

कौतुकही झालं माझं, नाही असं नाही. नरसीला एका लांबच्या पुतणीच्या लग्नात मसाजी मला घालून गेला, तेव्हा मांडवातल्या मंडळींनी त्याला पुढच्या रांगेत बसवलं. कुणीतरी म्हणालं, पाव्हणं शहरातले दिसतात. मी कॉलर ताठ केली. पण मसाजी अवघडून बसला होता, आणि बायकांच्या बाजूला बसलेल्या सिंधूबाईकडे पुन्हा पुन्हा बघत होता. तिच्या खांद्यावर नुसता पदर.

असेच हिवाळे गेले. हिंगोली जिल्हा झाला. वस्तीवर वीज आली, संतरामाच्या पोरांनी मोबाइल घेतले. सिंधूबाईचा खोकला जुना झाला, पण तो काही गेला नाही. औंढ्याच्या दवाखान्यातले डॉक्टर दरवेळी सांगत, छातीला ऊब ठेवा, पहाटे उघड्यावर जाऊ नका. आता पहाटेची धार कोण काढणार? घोंगडं पांघरलं की हात अडकतात, आणि हात मोकळे केले की छाती उघडी पडते. मित्रांनो, मी खुंटीवर होतो. मला दोन बाह्या होत्या, मला छाती झाकता येत होती, आणि मला कुणी विचारत नव्हतं. मसाजीनं मला घालणंही सोडलं. एके वर्षी कडुलिंबाच्या पाल्यात मला पेटीत टाकलं. तिथं उंदरानं माझ्या खिशाचा कोपरा खाल्ला. अंधारात मी विचार करायचो, मी कुणासाठी आहे? ज्याचा आहे त्याला बसत नाही, जिला बसेन तिला चालत नाही. मग मला एवढ्या लांबून आणलं कशाला?

त्या संक्रांतीच्या आसपास सिंधूबाईचं दुखणं फारच वाढलं. दोन पावलं चालली तरी दम लागायचा. डॉक्टरांनी मसाजीला बाजूला घेऊन सांगितलं, हा हिवाळा यांना सांभाळा, पुढचं मग बघू. बाहेर उन्हाला तिला भिंतीशी बसवत. मसाजी मेंढरांकडे लक्ष देईना. अंगणात नुसता येरझाऱ्या घाली.

त्यांची लेक सीमा शिरड शहापूरला शिवणक्लासला जात होती. आईच्या खोकल्यासाठी काहीतरी उबदार शिवावं म्हणून तिनं पेटी उघडली आणि मला उन्हात आणलं.

“बा, हा कोट तुमी आता घालत न्हाई. मी कापते. मायला ह्याची बंडी करते.”

“मायला गड्याचं चालत न्हाई,” सिंधूबाई भिंतीशी बसून म्हणाली. “तू तुझ्या बाला इचार आधी.”

सीमानं मला मांडीवर पसरलं, कात्री घेतली. तिचं पातं माझ्या शिवणीवर टेकलं. मित्रांनो, तुमच्या घरीही पेटीत, माळ्यावर, गाठोड्यात माझ्यासारखे कितीतरी पडलेले असतील. कसरीनं खाल्लेले, कुणी न विचारलेले. त्यांना कात्री लावण्याआधी, फेकून देण्याआधी एकदा उन्हात धरून नीट बघत जा. कुणी कुणासाठी आणला होता, ते बघत जा. आणि आणला असेल ज्याच्यासाठी, त्याला तो वेळेवर देत जा. थंडी कुणाची वाट बघत नाही. माझी एवढीच विनवणी आहे.

सीमानं मला नीट बघितलं. ती थांबली. तिनं माझी बटणं पाहिली, मग छातीशी शिवलेल्या चिमट्यांवरून बोट फिरवलं, मग कंबरेचा घेर पाहिला. आणि फिसकन हसली.

“बा, हा तर लेडीज कोट हाय.”

“काय हाय?” बाजेवरून संतराम म्हणाला. तो आता म्हातारा झाला होता, पण अशी गोष्ट त्याच्या कानातून सुटत नसे.

“काका, बाईमानसाचा कोट. हे बघा, बटनं डाव्या अंगाला. गड्याची उजव्याला असत्यात. आन हे चिमटे, टक्स म्हनत्यात, घातलेत छातीला. आमच्या बाईंनी कालच शिकवलं.”

आशाबाईनं तोंडाला पदर लावला. संतराम हसता हसता ठसकला.

“आरं मसाजी, इतकी वर्षं बाईचा कोट घालून हिंडला व्हय रे तू? नरसीच्या लग्नात बी? पुढं बसला होतास ना बे तू, पाव्हणा होऊन.”

शेजारचे गोळा झाले. अंगण हसण्यानं भरलं. मला मात्र एकाएकी हलकं वाटलं. म्हणजे माझी शिवणच मुळात बाईमाणसासाठीची होती. पण मग मसाजीनं मला उचललं ते कसं? मी त्याच्याकडे बघितलं. तो अंगणाच्या मध्यभागी उभा होता, कानांपर्यंत लाल.

“त्याला काय ठावं बिचाऱ्याला,” आशाबाई म्हणाली. “ढिगवाल्यानं फसवला मानसाला. बाजारात असंच बांधत्यात गळ्यात.”

“व्हय,” संतराम म्हणाला. “फसला आमचा मसाजी. बोल ना रे, फसलास ना?”

मसाजीला फक्त मान हलवायची होती. हसणं आणखी घटकाभर चाललं असतं आणि संपलं असतं. सीमानं मला कापलं असतं. त्याची मान हलायला लागलीही होती.

तेवढ्यात सिंधूबाईला उबळ आली. तिनं एक हात भिंतीला टेकला, दुसरा छातीवर दाबला. खोकला थांबेना. हसणारे गप्प झाले. सीमा कात्री टाकून धावली.

मसाजीनं मला सीमाच्या जागेवरून उचललं. तो सगळ्यांसमोर, मोठ्या भावासमोर, भावजयीसमोर बायकोपाशी जाऊन उकिडवा बसला आणि त्यानं मला तिच्या खांद्यावर टाकलं. तिचा एक हात उचलून माझ्या बाहीत घातला, मग दुसरा. मी तिच्या मनगटापर्यंत बरोबर पोचलो. तिनं मला काढायला हात वर केला.

“नको. तुमचं हाय ते.”

“माझं न्हाई,” मसाजी म्हणाला. त्यानं खालून एकेक बटण लावायला घेतलं. बटणांकडेच बघत, हळू आवाजात, पण अंगणातल्या प्रत्येकाला ऐकू जाईल असं तो बोलला. “मी फसलो न्हाई, सीमाच्या माय. ढिगवाल्यानं गड्याचा दिला होता, मीच घेतला न्हाई. बाईचाच हुडकून आणला होता. तुझ्यासाठी. त्या दिशी हे हसले, आन माझ्या तोंडातून निघालंच न्हाई.”