हळदकुंकवाखालची ओळ

भोरच्या एसटी स्टँडामागं सुलूताईंच्या कॉम्प्युटर क्लासपुढं ही गर्दी! ज्ञानूबुवांनी म्हणे आत मेलेला कॉम्प्युटर उठवला. "आमी डोळ्यांनी बघितलं!" शेजारच्या सगुणाबाई येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत होत्या. कसलं डोळ्यांनी? बुवांनी तर सगळ्यांना डोळे मिटायला लावले होते!

सुलूताईंचा जीव मात्र टांगणीला लागला होता. उद्या सकाळी परीक्षा. पार हिर्डोशीच्या पोरी पहिल्या एसटीनं येणार, आणि परीक्षेचा प्रोग्राम एकाही यंत्रावर चढेना. यंत्रं चालायची लिनक्स प्रणालीवर. प्रोग्राम आला तो कच्च्या कोडचा. जागेवरच तयार करून घ्यायचा, आणि दर वेळी तो मध्येच अडायचा. परीक्षा बुडाली की पोरींचं वर्ष गेलं आणि क्लासला टाळं. म्हणून तर शिकलीसवरली बाई बुवाच्या पायाशी गेली.

"खंडेनवमीला यंत्रं पुजलीत, पण मनात किंतू होता, माउली!" बुवा गरजले. "अतृप्त आत्मा शिरलाय आत. एक यंत्र सोडवलं. बाकीची सोडवायची, तर त्या पाटल्या उतरवा."

सुलूताई खरंच पाटली ओढू लागल्या.

"थांबा, ताई!" क्लासात शिकवणारी फौजिया पुढं आली. "डोळे मिटले, पण कान उघडे होते माझे. घंटेच्या आवाजात सीडी फिरत होती." तिनं उठवलेल्या यंत्राचं बटण दाबलं. ट्रे बाहेर आला. आत सीडी, तिच्यावर बुवांच्या अंगठ्याचं ओलं कुंकू!

"आत्मा कसला, तयार पॅकेज आहे हे. आपण घरी पुरणपोळी करत होतो, यांनी आयती आणली. आपल्याकडं एक जिन्नस कमी होता, इतकंच."

"कोणता?"

"यंत्र दर वेळी सांगतंय, ताई." तिनं शेजारच्या पडद्याच्या तळाशी बोट दाखवलं. शेवटची ओळ म्हणत होती, सापडत नाही. काय सापडत नाही, ते खंडेनवमीच्या हळदकुंकवाच्या बोटांखाली झाकलेलं. परीक्षा होईपर्यंत ती पुसायची नाहीत, असा सुलूताईंचाच हुकूम होता.

"अगं बये, मग पुसलं का नाहीस?"

फौजियानं पुढं केलेलं बोट मागं घेतलं. "पूजा तुमची, ताई. माझा हात लागला असता, तर यंत्रं कुणामुळं बिघडली म्हणाले असते लोक?"

सगुणाबाईंनी मान खाली घातली. सुलूताईंना रडू फुटलं. त्यांनी पदर ओला केला आणि पडदा पुसला. खाली एका फाइलचं नाव निघालं. ती फाइल लिनक्सबरोबर आलेल्या सीडीवर, क्लासच्याच कपाटात होती! ती चढवली, आणि प्रोग्राम न अडता तयार झाला.

बुवानं तोवर सीडी उचलून नसरापूरची वाट धरली होती. तो पूर्वी पुण्यात कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात होता, हे बंडू टेम्पोवाल्यानं तेव्हा सांगितलं. आधी नाही, बरं का!

सुलूताईंनी ओलं फडकं फौजियाच्या हातात दिलं. "बाकीचे तू पूस."

सकाळी पोरी आल्या तेव्हा सगळी यंत्रं चालू होती.

देवाला हात जोडायला कोण नको म्हणतंय? पण बाबांनो, यंत्र काय सांगतंय ते आधी वाचा. आणि ज्याला ते वाचता येतं, त्याला बोलायची भीती वाटेल असं वागू नका.