फिफ्टी की सिक्स्टी

"सरिता, हे जरा ऐक. फिफ्टी म्हणतोय की सिक्स्टी?"

प्रतिभाने कानावरचा नवा ब्लूटूथ हेडफोन काढून शेजारी बसलेल्या सरिताच्या हातात दिला. सरिताने एकदा ऐकलं आणि तो लगेच परत केला.

"फिफ्टीच असणार, ताई. मागच्या रिपोर्टमध्ये फिफ्टी होतं."

"असणार नको गं. ऐकू काय येतं ते सांग."

"नीट नाही येत. पण अंदाज येतो ना."

इन्सुलिनचा डोस होता. प्रतिभाने पुन्हा दोनदा ऐकलं आणि त्या जागी रेघ मारून जागा रिकामी सोडली.

शरणपूर रोडवरच्या त्या ऑफिसात पंधरा-वीस बायका दिवसभर कान लावून बसत. अमेरिकेतले डॉक्टर पेशंट तपासून झाला की त्याची माहिती तोंडी रेकॉर्ड करून ठेवत. ते रेकॉर्डिंग नाशिकला येई आणि इथे टाइप होई. प्रतिभा नव्याण्णव सालापासून इथे होती. मखमलाबादच्या मळ्यातली सून; सकाळी फुलं खुडून झाली की स्कूटी काढून ऑफिसला यायची. बारावीपर्यंतच्या इंग्रजीवर तिने डिक्शनरी घेऊन शेकडो औषधांची नावं पाठ केली होती. पहिल्याच दिवशी शिकवणाऱ्या बाईंनी सांगितलेला नियम तिने आठ वर्षं मोडला नव्हता. ऐकू आलं नाही ते लिहायचं नाही, जागा सोडायची.

दिवाळीनंतर समर्थ सरांनी ब्लूटूथ हेडफोन आणले. सुपरवायझर समर्थ तिच्याहून दहा वर्षांनी लहान, पण सगळ्या त्याला सरच म्हणत. टेबलावरचा वायरींचा गुंता गेला, मुली खूश झाल्या. प्रतिभाला मात्र डॉक्टर गोधडीत तोंड घालून बोलतोय असं वाटायला लागलं.

"सर, यात आवाज येतो, पण अक्षरं येत नाहीत," ती म्हणाली. "स, फ, थ सगळं सारखंच वाटतं. वायरवाला होता त्यात कळायचं."

"बाकी कुणाची तक्रार नाही, ताई. पण आपण बघू करून."

त्याने पाच जणींना एकाच डॉक्टरची दोन रेकॉर्डिंग दिली, एक ब्लूटूथवर आणि एक वायरवर. संध्याकाळी कागद गोळा करून त्याने रिकाम्या जागा मोजल्या. सरिताच्या ब्लूटूथवर एक, वायरवरही एक. प्रतिभाच्या ब्लूटूथवर चौदा, वायरवर पाच.

"राग मानू नका, ताई," समर्थ हळू आवाजात म्हणाला. "वायरवरसुद्धा तुमच्याच जास्त आहेत. एकदा कान दाखवून घ्या."

तो चांगल्या मनाने बोलला होता, म्हणूनच तिला ते जास्त लागलं. घरी येईपर्यंत तिला एकच आठवत राहिलं. हल्ली सासूबाई काही बोलल्या की ती 'काय?' असं दोनदा विचारते.

शनिवारी तिचा नवरा भारत तिला गंगापूर रोडच्या कानाच्या डॉक्टरांकडे घेऊन गेला. बंद खोलीत बसवून तिला बारीक-जाड आवाज ऐकवले. ऐकू आलं की बटण दाबायचं. शेवटी शेवटी ती नुसतीच बटणावर बोट ठेवून बसून राहिली.

डॉक्टरांनी कागदावरची उतरत गेलेली रेघ दाखवली. "उजव्या कानाला बारीक आवाज कमी येतात. तुम्ही हेडफोन याच कानाला लावता का?"

"हो. डावा मोकळा ठेवते. फोन वाजतो, सर हाक मारतात."

"गेलेलं परत येणार नाही. डावा चांगला आहे, तो जपा. हे काम थांबवता आलं तर बघा."

बाहेर आल्यावर भारत गाडीची किल्ली हातात घेऊन उभा राहिला. मग म्हणाला, "ऑफिसात नको सांगू. डावा हाय ना चांगला? डाव्याला लाव. कुणाला काय कळतंय."

तिलाही तसंच वाटत होतं. कागद दाखवला तर समर्थचंच म्हणणं खरं ठरणार, आणि ब्लूटूथबद्दल बोलायला तिला तोंड राहणार नव्हतं.

सोमवारी ती लवकर गेली. कपाटातला जुना वायरवाला हेडफोन काढून तिने डाव्या कानाला लावला आणि ते इन्सुलिनचं रेकॉर्डिंग लावलं. सिक्स्टी. स्वच्छ सिक्स्टी. मग तिने टेबलावर पडलेला सरिताचा ब्लूटूथचा कागद घेतला आणि ते रेकॉर्डिंग ओळ न् ओळ ऐकलं. रिकामी जागा एकच होती, पण सहा शब्द चुकीचे होते. सगळे छान जागच्या जागी बसलेले, वाचणाऱ्याला शंकासुद्धा येऊ नये असे.

समर्थ आल्यावर तिने आधी डॉक्टरांचा कागद त्याच्यापुढे ठेवला.

"माझा उजवा कान अधू झालाय, सर. तुमचं बरोबर होतं. पण सरिताचं हे रेकॉर्डिंग मी डाव्याने ऐकलंय, तिच्या कागदात सहा शब्द चुकलेत. तुम्हीही ऐका."

त्याने वायर लावून ऐकलं. मग ब्लूटूथवर. मग परत वायरवर. शेवटी त्याने सरिताला बोलावलं.

सरिता कागदाकडे बघत राहिली. "जागा जास्त सोडल्या की महिन्याच्या यादीत नाव खाली जातं, सर," ती म्हणाली. "म्हणून मी भरते. सगळ्याच भरतात. ताई सोडून."

यादी समर्थनेच सुरू केली होती. दुपारी जुन्या हेडफोनची खोकी त्याने स्वतः खाली उतरवली आणि नोटीस बोर्डावरचा यादीचा कागद काढून टाकला.

"ताई, तुम्ही डाव्या कानाला लावून करा काम," तो म्हणाला. "मला चालेल."

"डावा मला घरी लागतो, सर. नुसतं वाचून तपासायचं काम असलं तर द्या."

त्याने मुंबईच्या ऑफिसला विचारलं. पंधरा दिवसांनी उत्तर आलं, अशी जागा नाही. महिनाअखेरीस प्रतिभाने आपला ड्रॉवर रिकामा केला. सरिता जिन्यापर्यंत आली. पिशवी तिने खालपर्यंत उचलून नेली.

मळ्यात शेवंती भरात होती. दुसऱ्या दिवशी सकाळी प्रतिभा वाफ्यात बसून फुलं खुडत होती. भारत पलीकडून येऊन तिच्या उजव्या बाजूला उभा राहिला आणि काहीतरी म्हणाला. ती खुडतच राहिली. मग वाफा ओलांडून वळसा घालून तो तिच्या डाव्या बाजूला आला, उकिडवा बसला आणि तेच पुन्हा म्हणाला.

"पाणी कधी सोडू, इचारतोय."

"ही ओळ होऊ द्या," ती म्हणाली, आणि त्याला बसायला जागा व्हावी म्हणून तिने टोपली थोडी बाजूला सरकवली.