अंगठ्याचं गाणं

मी गिटार बोलतेय. नेवाडाच्या उत्तरेला जिथे माणसांपेक्षा गुरं जास्त आणि गुरांपेक्षा सेजची राखाडी झुडपं जास्त, तिथली मी. माझ्या पोटावर घोडेस्वार बुटाच्या टाचेला लावतात त्या आरीचा लांब ओरखडा आहे, खांद्याजवळ कॉफीचा गोल डाग आहे. मला पाहून लोक म्हणतात, "बिचारीने फार सोसलेलं दिसतंय." सोसलंय, पण बिचारी मी नाही. एका माणसाने चारशे लोकांसमोर माझ्या तारांवर खरं सांगितलं. त्या दिवसापासून माझी मान ताठ आहे.

माझा जन्म मिशिगनमधल्या एका कारखान्यात झाला. वरची फळी स्प्रूसची, पाठ महोगनीची. आगगाडीतून खोक्यात बसून मी इथे आले, ती वेल्डन हारगिस नावाच्या एकोणीस वर्षांच्या गुराख्यासाठी. त्याने पहिल्या हंगामाच्या पगारातून मला मागवलं होतं. त्याचे हात दोर ओढून राठ झालेले, पण मला उचलताना त्याने आधी ते पँटला पुसले. मला तो तिथेच आवडला.

त्यानंतर कितीतरी वर्षं मी स्वयंपाकाच्या गाडीत पिठाच्या पोत्यांमध्ये बसून हिंडले. गुरांच्या मागे गाडी, गाडीत मी. रविवारी गाडीची मागची फळी खाली पाडली की तेच आमचं चर्च. पाळक महिन्यातून एकदा यायचा. एरवी वेल्डनच प्रभूची गीतं म्हणायचा आणि बाकीचे टोप्या गुडघ्यावर ठेवून साथ द्यायचे. गीतं संपली की गोष्टींची गाणी सुरू व्हायची. कोणता घोडा नदीत वाहून गेला, कोण बर्फात अडकला, कोणाची बायको त्याला सोडून शहरात गेली. इथे वर्तमानपत्र चार दिवसांनी येतं. कुठे काय झालं ते लोकांना गाण्यातूनच कळतं, आणि गाण्यात आलं की ते कायमचं खरं होतं. म्हणून गाणं रचणाऱ्यावर जोखीम असते.

वेल्डनचा जोडीदार म्हणजे त्याचाच मेहुणा, एमेट क्यूड. वेल्डनची बायको वर्ना ही एमेटची थोरली बहीण. वेल्डनने खोंडाच्या शिंगांत फास टाकायचा आणि एमेटने मागच्या पायांत. दोघांचं असं जमायचं की मुकादम प्रेविटसाहेब म्हणायचे, "ही दोघं एकमेकांना विचारून श्वास घेतात."

दुसरं महायुद्ध संपून सहा वर्षं झाली होती. मे महिन्यात गुरांना मालकाच्या खुणेच्या डागण्या द्यायचं काम चालू होतं. त्या दिवशी बाहेरगावचे गुरं घेणारे व्यापारी कुंपणावर बसून बघत होते आणि वेल्डनच्या अंगात जरा वारं शिरलं होतं. मला गाडीच्या चाकाला टेकवून ठेवलं होतं, म्हणून मी सगळं पाहिलं.

फास बरोबर पडला. आमच्याकडे दोराचं टोक खोगिराला बांधत नाहीत. फास पडला की खोगिराच्या पुढच्या खुंटाला दोराचे वेढे द्यायचे. वेढे देताना अंगठा वर ठेवायचा, हे पोरासोरांनाही शिकवतात. एमेट लांबूनच ओरडला, "अंगठा वर, वेल्डन, वर." वेल्डन व्यापाऱ्यांकडे बघून हसत होता. खोंडाने हिसका दिला. दोर खुंटावर आवळला आणि वेल्डनच्या उजव्या हाताचा अंगठा मध्ये सापडला.

अंगठा गेला. एमेटने त्याला घोड्यावरून उतरवलं, स्वतःच्या शर्टाने हात बांधला आणि चाळीस मैलांवरच्या डॉक्टरकडे मोटार हाकली.

मागे राहिलेल्यांना काहीतरी कारण हवं होतं. सायलस नावाचा स्वयंपाकी बीन्स ढवळता ढवळता म्हणाला, "एमेटने मागचे पाय वेळेवर धरले असते तर खोंडाने हिसका दिलाच नसता." त्याने तेव्हा पाठ फिरवलेली होती, त्याला काय दिसणार? पण आठवड्याभरात खोऱ्यातली सगळी माणसं तेच बोलू लागली. माझ्या तारा आपणहून बोलत नाहीत, नाहीतर तिथल्या तिथे सांगितलं असतं.

सांगू शकत होता तो वेल्डन. लोक भेटायला यायचे, म्हणायचे, "एमेट कमी पडला, नाही का?" वेल्डन छताकडे बघायचा. खोऱ्यातला पहिल्या नंबरचा दोरवाला पोरासारखी चूक करतो, हे त्याच्या तोंडून निघेना. प्रेविटसाहेबांनी एमेटला कामावरून काढलं. गुरांच्या दुसऱ्या कुठल्याही रँचवर त्याला घोडा मिळेना. तो पाटाचा गाळ उपसायला लागला.

मी खुंटीवर होते. अंगठ्याशिवाय माझी खर्जाची जाड तार कोण वाजवणार?

जूनमध्ये एका दुपारी एमेट आला. दारातच उभा राहिला.

"आत ये की," वर्ना म्हणाली. "पाहुणा आहेस का?"

"बूट चिखलाचे आहेत, ताई."

त्याने कागदात गुंडाळलेलं काहीतरी वेल्डनसमोर ठेवलं. मनगटाला बांधायचा कातडी पट्टा होता, आणि त्याला अंगठ्याच्या जागी शिंगाची घासून केलेली नखी. गावातल्या, स्पेनकडून आलेल्या म्हाताऱ्या बास्क खोगीरवाल्याकडून त्याने करून घेतला होता.

"हे कातडं कुठलं?" वेल्डनने विचारलं. त्याला ते ओळखीचं वाटलं असावं.

"माझ्या खोगिराचं. डाव्या पायाखालचं." एमेट जमिनीकडे बघत होता. "नुसतंच पडून होतं."

तो गेल्यावर वर्ना नवऱ्यासमोर खुर्ची ओढून बसली. "माझा भाऊ खोटं बोलत नाही, पण तो काही बोलतच नाहीये. आणि तूही बोलत नाहीस. त्या दिवशी काय झालं होतं, वेल्डन?"

वेल्डनने पट्टा मनगटावर चढवून पाहिला. मग त्याने तिला सगळं सांगितलं.

वर्ना चिडली नाही. ती म्हणाली, "मला सांगून भागायचं नाही. ज्यांनी ऐकलंय त्या सगळ्यांना सांग."

जुलैभर मला विश्रांती नव्हती. नखी आधी घसरायची, तारेवर खरखरायची. वेल्डन चिडायचा, पट्टा सोडायचा, पुन्हा बांधायचा. सूर हळूहळू जमला. शब्द मात्र त्याने कोणाला ऐकवले नाहीत. फक्त मला.

ऑगस्टात दरवर्षी नदीकाठच्या झाडांखाली मेळावा भरतो. चार दिवस तंबू, भजनं, प्रवचनं, भल्यामोठ्या कढयांतलं मांस आणि बीन्स. एमेट सगळ्यांत मागे, घोड्यांपाशी उभा होता. पाळकाने वेल्डनचं नाव घेतलं. लोकांना वाटलं, नेहमीचं एखादं गीत होईल. वेल्डनने डोळे मिटले आणि कुंपणावरचे व्यापारी, खोंड, फास असं एकेक सांगत गायला लागला. मग हे कडवं आलं:

त्याने हाक दिली होती, "अंगठा वर, वेल्डन, वर",
माझ्या तोऱ्यात मी ती घेतली नाही कानावर.
लोक म्हणाले चूक त्याची, मी पडून राहिलो ऐकून;
प्रभू, आज चूक माझी मी सांगतो गाऊन.

त्याचा आवाज त्या शेवटच्या ओळीत फाटला. माझा फाटला नाही. मी त्याला धरून ठेवलं.

गाणं संपलं. सायलस टोपीच्या आत बघत बसला होता. प्रेविटसाहेब उठले आणि सगळ्या बाकांमधून चालत मागे एमेटपर्यंत गेले.

"सोमवारी कामावर ये."

"माझ्या खोगिराला एक बाजू नाही, साहेब."

"मग उरलेल्या बाजूने बस. तसाही तू वाकडाच बसतोस."

कोणीतरी हसलं, मग सगळेच हसले. एमेट पुढे आला. वेल्डनच्या मनगटावरचा सैल झालेला पट्टा त्याने एक भोक आवळून बांधला आणि म्हणाला, "पुन्हा म्हण. मागे नीट ऐकू आलं नाही."

त्यानंतर ती दोघं आणखी बावीस वर्षं एकत्र राबली. आता दोघंही नाहीत. मी वर्नाच्या नातीकडे, लिओनाकडे आहे. माझ्या मानेचं लाकूड जरासं वाकलंय, पाठीला सांधा मारलाय, दमट हवेत माझा सूर उतरतो. तरी दर ऑगस्टात मी नदीकाठी जाते.

आमचं गाणं मात्र लांब लांब गेलंय. वायोमिंगमध्ये म्हणतात, टेक्सासमध्येही म्हणतात असं ऐकते. पण परवा एक पाहुणा गायक लिओनाला म्हणाला, "ते कबुलीचं कडवं आम्ही गाळतो. चाल तिथे अडखळते, आणि लोकांना वाईट वाटतं."

अडखळते, हे खरं आहे. रचणाराही तिथेच अडखळला होता. माझं तुमच्याकडे एवढंच मागणं आहे: गाणार असाल तर ते कडवं म्हणा. आवाज फाटला तर फाटू द्या. हाताशी असलेली गिटार सांभाळून घेईल.