दोर धरणारा

मनोरा रंगवायला दोन माणसं लागतात, एक वरचा आणि एक खालचा. वरचा फळीच्या पाळण्यात बसून भिंत खरवडतो, खालचा दोर धरतो. दोराचे लोखंडी खुंटाला वेढे असतात, पण गाठ नसते, कारण वरच्याला सारखी ढील द्यावी लागते. गाठ मारायची म्हटली तरी हात क्षणभर सैल सोडावाच लागतो.

चर्चच्या मनोऱ्याखाली दोर धरून उभ्या असलेल्या माणसाला सगळे 'संत' म्हणत. त्यात अर्धं कौतुक, अर्धी टिंगल. दारू नाही, शिवी नाही, रविवारची मिस्सा कधी चुकलेली नाही. पुण्याची पुंजी एवढी, की हा वर पोचला की देवालाच उठून खुर्ची द्यावी लागेल, असं त्याचे भावोजी म्हणायचे. पाळण्यात बसले होते ते हेच भावोजी.

सकाळी संत त्यांना बोलवायला गेला, तेव्हा एवढ्या उकाड्यात ताईने गळ्याला रुमाल गुंडाळला होता.

"कपाटाचं दार लागलं रे," ती म्हणाली.

रुमाल सरकला. त्या कपाटाला पाच बोटं होती.

आता ऊन चढलं होतं, दोर तळहातात तापला होता, आणि संताला एकाएकी दिसलं, की आपली मूठ उघडू शकते.

बस्स, एवढंच. राग नव्हता. राग गिळायची त्याला सवय होती. घामाने दोर निसटला म्हणता येईल. संशय कोण घेणार, तोही संताचा? त्याने वर पाहिलं. त्याचा हात धरायला आभाळातून कोणी उतरत नव्हतं.

"मेव्हण्या, ढील दे की!" वरून आवाज आला. "का जप करतोयस?"

त्याने वीतभर दोर सोडला. बोटांना सोडण्याची चव लागली.

फादर झारी घेऊन अंगणातल्या झाडांना पाणी घालत होते.

"फादर, माझी कबुली ऐका. आत्ता!"

"मग आत ये," फादर सवयीने म्हणाले.

आणि संत खरंच निघाला! एक पाऊल टाकलं, तोच दोर सर्रकन सरकला, पाळणा गचकला, वर भावोजी ओरडले. संताने अंग मागे टाकून दोर आवळला. पाप धुवायला निघालेल्या माणसाने आत्ता एक जीव घेतला असता.

"इथेच ऐका," तो कुजबुजला. "मी ह्यांना सोडणार... म्हणजे सोडू शकतो."

फादरांनी झारी खाली ठेवली. "मनात आलं म्हणजे पाप झालं नाही. तू त्याला हो म्हणेपर्यंत नाही."

"आणि हो म्हणायला वेळ किती लागतो?"

फादरांची नजर त्याच्या मुठीवर गेली.

"देवाने माझा हात बांधून का नाही ठेवला?"

"बांधलेल्या हाताचं कसलं कौतुक? हा खुंटही कधी कोणाचं वाईट करत नाही."

"मग आजवर मी खुंटच होतो, फादर. तुम्ही धरा दोर."

फादरांनी आपल्या मऊ हातांकडे पाहिलं. मग ते येऊन त्याच्या मागे उभे राहिले आणि त्यांनी दोर धरला. "मी मागे आहे. पुढचा हात तुझाच."

दोर हळूहळू सुटू लागला. दर वितीला संताला नव्याने नाही म्हणावं लागत होतं.

"अरे, काम अर्धं राहिलंय!" भावोजी करवादले. शेवटी त्यांचे पाय जमिनीला लागले.

"भावोजी, ताईला मी माझ्या घरी नेतोय," संत म्हणाला. "आणि खालचा माणूस दुसरा बघा. तुम्ही वर असताना मी तुम्हाला पाडणार होतो."

भावोजी हसले. संत थट्टा करत नाही हे आठवलं, तसं हसू अर्ध्यात विझलं. त्यांनी फादरांकडे पाहिलं. कबुलीत ऐकलेलं फादर बाहेर कसे सांगणार? त्यांनी नुसती झारी उचलली.

"तू? तू असं करणार होतास?"

"मलाही आजच कळलं."

ताईच्या घराकडे जाताना भावोजी चार हात मागूनच चालत होते. ताईने दार उघडलं. नवऱ्याच्या चेहऱ्यावरची भीती तिने लगेच ओळखली, तिच्या रोजच्या परिचयाची होती ती. त्या चेहऱ्यावर मात्र ती पहिल्यांदाच बघत होती.

"चल, ताई," संत म्हणाला. "तुला यायचं असेल तर."

तिने एकदा घरात पाहिलं, एकदा नवऱ्याकडे.

"थांब," ती म्हणाली, "चपला घालते."