जज्जसाहेबांच्या खुर्चीशेजारची पिकदाणी

मी एक जुनी पिकदाणी आहे. मित्रांनो, लगेच नाक मुरडू नका. मी अस्सल पितळेची आहे आणि माझी उमेदीची वर्षे न्यायासनाशेजारी गेली आहेत.

सिनसिनाटीच्या एका कारखान्यात माझा जन्म झाला. माझ्या बहिणी दारूच्या गुत्त्यांत आणि आगबोटींवर गेल्या. मी मात्र इंडियानातल्या मार्लो क्रीक गावच्या कोर्टात आले. तिथे अॅम्ब्रोज टिलफर्ड हे जज्ज होते. त्या काळी आमच्याकडे तंबाखू न चघळणारा पुरुष शोधूनही सापडत नसे. वकील थुंकत, पंच थुंकत, साक्षीदार तर शपथ घेण्याआधी थुंकून घेत. बहुतेकांचा नेम चुके आणि जमिनीचे हाल होत.

जज्जसाहेबांचा नेम कधी चुकला नाही, आणि त्यांचा दुसराही एक नेम होता. कोणी बोलत असताना ते थुंकत नसत. वकिलाने कितीही दळण दळले तरी ते गाल फुगवून ऐकत बसत. दोन्ही बाजूंचे बोलून झाले की माझ्यात ठण्णकन आवाज होई आणि कोर्ट चिडीचूप होई. आता निकाल येणार, हे सगळ्यांना कळे. खटला हरलेलेसुद्धा म्हणत, "म्हातारा खवट आहे, पण ऐकून घेतो." त्या आवाजाचा मला फार अभिमान होता.

पुढे त्यांचा पक्ष निवडून आला आणि जज्जसाहेब टपाल खात्याचे मंत्री झाले. त्यांनी मला वॉशिंग्टनला नेले. तिथे पायाखाली गालिचा होता आणि एक नोकर मला रोज घासून लख्ख करी. दाराबाहेर मात्र माणसांची रीघ लागलेली असे. सरकार बदलले की खेड्यातला पोस्टमास्तरसुद्धा बदलायचा, अशी तेव्हाची रीत होती. कोणाचा भाचा, कोणाचा जावई, सगळ्यांना चिकटायचे असे. जज्जसाहेब सह्या करत आणि थुंकत, थुंकत आणि सह्या करत.

एके दिवशी मार्लो क्रीकहून ल्युसिंडा हॅकेट आल्या. त्यांचा नवरा लढाईत कामी आला होता. गावचे टपाल सांभाळून त्या दोन मुलींना वाढवत होत्या. आता ती जागा पक्षासाठी घसा फोडणाऱ्या एका घोडेवाल्याला मिळणार होती. बाईंनी सफरचंदाच्या मुरंब्याची बरणी टेबलावर ठेवली आणि बोलायला सुरुवात केली.

"जज्जसाहेब, आम्हा बायकांना मत द्यायचा हक्कच नाही. मग मी विरुद्ध पक्षाची झाले कशी? बरं, तेही सोडा. माझ्या मुलींचं एक सांगायचं होतं, थोरली—"

ठण्ण.

बाई थबकल्या. जज्जसाहेबही दचकले.

"बोला, बोला हॅकेटबाई. ऐकतोय मी."

"नको. आवाज ऐकला मी," त्या उठत म्हणाल्या. "आपल्या गावात त्याचा अर्थ पोराटोरांनाही कळतो."

त्या गेल्या. जज्जसाहेबांनी त्यांना परत बोलावण्यासाठी घंटीकडे हात नेला. पण बाहेर एक बडे पुढारी ताटकळत होते. हात मागे आला आणि त्यांनी घोडेवाल्याच्या नेमणुकीवर सही केली. मला त्या दिवशी स्वतःची लाज वाटली.

पुढच्या निवडणुकीत सरकार पडले आणि आम्ही गावी परतलो. आमच्याकडे माणूस एकदा जज्ज झाला की मरेपर्यंत जज्जसाहेब. न्हाव्यापासून पाद्र्यापर्यंत सगळे त्यांना तसेच हाक मारत. एका रविवारी ते चर्चमधून घरी आले आणि आपल्या बहिणीजवळ बसून म्हणाले, "हॅकेटबाई भेटल्या. हॉटेलातले कपडे धुतात आता. मी हॅट काढून विचारपूस केली, तर 'बरी आहे, मिस्टर टिलफर्ड' म्हणाल्या." त्यानंतर त्यांनी तंबाखू सोडली आणि माझी रवानगी खुराड्यात झाली.

मित्रांनो, मला घासूनपुसून पुन्हा मिरवा, असे मी म्हणत नाही. कोंबड्या माझ्यातून पाणी पितात, बरे चालले आहे. पण तुमच्यापुढे कोणी गाऱ्हाणे मांडत असेल, तर त्याचे बोलणे पुरे होऊ द्या. त्या थोरल्या मुलीचे काय सांगायचे होते, ते मला अजूनही ठाऊक नाही.